कांद्याची बातमी शेतीच्या पानावर देऊ नका

कांद्याच्या निर्णयावर दिल्लीतल्या कोणत्या खात्याची सही असते, हे आधी बघा. निर्यातशुल्क लावलं तर अर्थ मंत्रालयाची. निर्यातबंदी किंवा किमान निर्यात मूल्य (याच्या खालच्या दरानं माल बाहेर पाठवता येत नाही) असेल तर वाणिज्य मंत्रालयाखालच्या डीजीएफटीची, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाची. बफर स्टॉक (सरकारनं घेऊन राखून ठेवलेला माल), साठ्यावरची मर्यादा, दिल्लीत स्वस्त कांदा विकणाऱ्या गाड्या, हे सगळं ग्राहक व्यवहार खात्याचं. या कागदांवर कृषी मंत्रालयाची सही शोधून सापडत नाही. आणि आमचे लोक कांद्याची बातमी घेऊन जातात कोणाकडं? शेतीचं पान बघणाऱ्या उपसंपादकाकडं. तो बिचारा छापतो, शेतकरी वाचतो, आणि ज्याला वाचायला पाहिजे तो त्या पानापर्यंत पोचतच नाही.

मी हिशेब लिहिणारा माणूस. निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब, जीएसटी, आणि माल बाहेर जाणार असेल तर शिपिंग बिलापासूनची सगळी कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. घरची शेती भाऊ बघतो, वस्तीवर कांदा साठवायची चाळ आहे. पत्रकारितेशी माझा संबंध एवढाच की आर्थिक धोरणावर लिहिणाऱ्या राजकीय बातमीदारांना मी अधूनमधून बातम्या सुचवतो. काही छापून येतात, बऱ्याच येत नाहीत. आमच्या भागातले कंपन्यांचे संचालक, संघटनेतली पोरं, बाजार समितीत उठबस असणारे लोक विचारतात, "तुझं कसं काय छापून येतं रे? ओळख आहे का कोणाशी?" ओळख आता झाली, पण ती बातम्यांमुळं झाली. बातम्या ओळखीमुळं आल्या नाहीत.

सुरुवात २०२० सालची. १४ सप्टेंबरच्या रात्री निर्यातबंदी आली. दुसऱ्या दिवशी बाजारात जे व्हायचं ते झालं. ज्याच्याकडं ज्या पत्रकाराचा नंबर होता त्यानं त्याला कांदा रस्त्यावर ओतल्याचे फोटो पाठवले. मीही मुंबईत मंत्रालय बघणाऱ्या एका बातमीदार बाईंना फोन लावला. नंबर एका व्यापाऱ्याकडून मिळाला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, भाव पडले हे कळलं. जिल्ह्यातून बातमी आली आहे, फोटोही आलेत. तुम्ही मला का सांगताय?"

राग आला होता. पण प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, मॅडम, काल रात्री बंदी घातली आणि आज लोकसभेत अत्यावश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती मंजूर होतेय. ती दुरुस्ती म्हणते की कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया यांच्यावर सरकार एरवी हात ठेवणार नाही. युद्ध, दुष्काळ, भावाचा भडका असं काही असामान्य घडलं तरच ठेवणार. फळ-भाजीपाल्यावर साठ्याची मर्यादा घालायची तर किरकोळ भाव दुपटीला जायला पाहिजे, असं त्यात लिहिलंय. म्हणजे एका दारातून मोकळीक देताय आणि दुसऱ्या दारातून बंदी. लागोपाठ दोन दिवसांत.

"दोन्ही कागद पाठवा," त्या म्हणाल्या.

कागद, आणि तारखा शेजारीशेजारी. राजकीय बातमीदाराला काय द्यायचं, याचं तेव्हापासून माझं एवढंच गणित आहे. शेतकऱ्याचं दुःख ही बातमी नाही असं मी म्हणत नाही. पण ती जिल्ह्याच्या वार्ताहराची बातमी आहे. तो लिलावात उभा असतो, त्याला वक्कल म्हणजे काय ते माहीत असतं, माणसं ओळखीची असतात. तो ती माझ्यापेक्षा आणि मुंबईच्या बाईंपेक्षा चांगली लिहितो. मंत्रालय किंवा संसद बघणाऱ्या माणसाला आपण तेच दुःख पुन्हा ऐकवलं तर तो सहानुभूती देतो आणि फोन ठेवतो. त्याचं काम वेगळं आहे. निर्णय कोणी घेतला, कधी घेतला, त्या आठवड्यात कुठं मतदान होतं, मागच्या वर्षी हाच मंत्री काय बोलला होता, हे त्याला लागतं. आणि हे सगळं बांधावर बसूनही मिळतं, कारण अधिसूचना सगळ्यांसाठी उघड्या असतात. फक्त त्या कोणी उघडत नाही.

मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर एक शीट ठेवली आहे. डाव्या रकान्यात तारीख आणि वार, मधे निर्णय, उजवीकडं त्या दिवसांत राजकारणात काय चाललं होतं ते. सुरुवातीला कामासाठीच ठेवली होती, कारण शुल्क कोणत्या तारखेपासून हे चुकलं तर कंटेनर अडकतो. नंतर लक्षात आलं की हीच बातम्यांची खाण आहे.

त्या शीटमधला वाराचा रकाना बघा. ४० टक्के निर्यातशुल्क आलं १९ ऑगस्ट २०२३ ला, शनिवारी. टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं २८ ऑक्टोबर २०२३ ला, शनिवारी. त्या दिवशी कोजागरी होती आणि वर चंद्रग्रहण. निर्यातबंदी उठवली ४ मे २०२४ ला, तोही शनिवार. शेवटचं राहिलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिलपासून काढणार, हे जाहीर झालं २२ मार्च २०२५ ला. पुन्हा शनिवार. मला वाटलं हातात मोठी बातमी आहे, "सरकारचा कांदा शनिवार". बाईंनी ती तिथल्या तिथं कापली. म्हणाल्या, "आणि २०२३ च्या डिसेंबरची बंदी? ७ तारखेची अधिसूचना, गुरुवार. वार हा योगायोग आहे की पद्धत आहे, हे मी कसं दाखवू? वाराचं सोडा. शनिवारी रात्री निर्णय आला की कोणाचं काय होतं ते सांगा."

आता हा प्रश्न माझ्या अंगणातला होता. ऑगस्टमध्ये शनिवारी शुल्क तत्काळ लागू झालं. शुक्रवारच्या भावानं घेतलेला माल कुठं पॅकिंगमध्ये, कुठं न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाशी सौदा जुन्या दरानं झालेला. रविवार मधे गेला. सोमवारी, २१ तारखेला, व्यापाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद ठेवले. टीव्हीवर दिसलं ते फक्त बंद गेटचं चित्र, पण त्यामागचा हिशेब शनिवार-रविवारच्या त्या कागदांत होता. तो मी पाठवला, गिऱ्हाइकाचं नाव झाकून. छापून आलं ते आतल्या पानावर, छोटं. तरी चाललं.

त्याच आठवड्यात राजकीय पत्रकारांना चारा भरपूर होता. राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री धनंजय मुंडे दिल्लीत तेव्हाचे वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार मंत्री पीयूष गोयल यांना भेटायला गेले, आणि जपानच्या दौऱ्यावर असलेले तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिकडूनच जाहीर करून टाकलं की केंद्र दोन लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलनं घेणार. श्रेय कोणाचं, यावर दोन दिवस चर्चा झडल्या. आमच्याकडं पारावर एकच प्रश्न होता: २,४१० कोणत्या कांद्याला? सरकारसाठी खरेदी करणारी नाफेड ही सहकारी संस्था गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, घेत नाही. निवडलेला, ठरावीक आकाराचा माल घेते. चाळीतून ऑगस्टमध्ये निघणाऱ्या उन्हाळी कांद्यात सड किती, वजनात घट किती, हे ज्याची चाळ आहे त्याला विचारा. म्हणजे २,४१० हा भाव चाळीतल्या सगळ्या कांद्याचा नव्हताच. मी हे एका ओळीत लिहून पाठवलं होतं. ज्यांना पाठवलं ते श्रेयाच्या बातमीत अडकलेले होते. गेली बातमी. असं होतं. पुन्हा पुन्हा फोन करून उपयोग नसतो, त्या दिवशीचं पान त्या दिवशीच संपतं.

आता ज्या बातमीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ती सांगतो, कारण ती निव्वळ बेरजेची होती.

७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं ८ तारखेपासून निर्यात पूर्ण बंद झाली होती. बाजारात तेव्हा लाल कांदा. तो चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. दिल्लीतल्या लोकांना हे सांगितल्याशिवाय बंदी डिसेंबरात येणं आणि मे महिन्यात येणं यातला फरक कळत नाही. चांदवडला रास्ता रोको झाला, शरद पवार तिथं येऊन गेले, नागपुरात अधिवेशन चालू होतं तिथंही आवाज झाला. बंदी ३१ मार्चपर्यंत होती. २२ मार्चला ती पुढील आदेशापर्यंत वाढवली, लोकसभेची आचारसंहिता लागलेली असताना.

आणि २७ एप्रिलला, शनिवारी, पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, प्रेस नोट आली: सरकारने सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीला परवानगी दिली आहे. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका. टीव्हीवर पट्टी फिरायला लागली. गावातल्या ग्रुपवर कोणी गुलालाचे इमोजी टाकले. मला फोन, "आता भाव वाढेल का?"

९९,१५० हा आकडा मला विचित्र वाटला. सरकार नवी परवानगी देतं तेव्हा आकडा गोल असतो. हा शेवटी १५० घेऊन आलाय, म्हणजे ही कशाची तरी बेरीज आहे. शीट उघडली. १ मार्चला बांगलादेशला ५०,००० आणि अमिरातीला १४,४००. मार्चच्याच पहिल्या आठवड्यात भूतानला ५५०, बहारीनला ३,०००, मॉरिशसला १,२००. एप्रिलमध्ये अमिरातीला आणखी १०,०००, मग पुन्हा १०,०००, आणि श्रीलंकेला १०,०००. करा बेरीज. ९९,१५०. एक किलो इकडं नाही, एक किलो तिकडं नाही. म्हणजे प्रेस नोटमध्ये नवा कांदा काहीच नव्हता. आधी दिलेल्या परवानग्या एकत्र करून पुन्हा सांगितल्या होत्या, आणि त्याही एनसीईएल या एकाच सहकारी निर्यात संस्थेमार्फतच्या. खासगी निर्यातदाराला, आमच्यासारख्या कंपनीला दार बंद ते बंदच.

यात राजकारण कुठं? दोन दिवस आधी, २५ एप्रिलला, गुजरातचा दोन हजार टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी निघाली होती, त्यासाठी गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला लागणार होता. आमच्याकडं त्यावरून भडका उडालेला. २६ एप्रिलला मतदानाचा दुसरा टप्पा झाला. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. या तारखा शेजारी ठेवल्या की प्रेस नोट शनिवारी का आली, याबद्दल मला काही म्हणावंच लागत नाही. वाचणारा म्हणतो.

मी दिल्लीतल्या एका बातमीदाराला पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

"सर, आजची ९९,१५० टनांची पीआयबी नोट म्हणजे १ मार्चपासूनच्या अधिसूचनांची बेरीज आहे. नवीन परवानगी नाही. देशवार आकडे खाली, प्रत्येकाची पीडीएफ जोडली आहे. आमच्या कंपनीचा निर्यात परवाना आहे आणि बंदीमुळं आमचं नुकसान होतंय, हे लक्षात घेऊन तपासून बघा. मी रात्री १० पर्यंत फोनवर आहे."

त्यांनी फोन करून पहिल्यांदा बेरीज विचारली नाही. विचारलं, "एनसीईएल माल कोणाकडून घेते आणि कोणत्या भावानं?" प्रेस नोटमध्येच लिहिलं होतं की संस्था ई-प्लॅटफॉर्मवरून सर्वांत कमी बोलीच्या दरानं माल उचलते आणि तिकडच्या देशाशी दर ठरवून पैसे आगाऊ घेते. म्हणजे इथं सगळ्यात कमी भाव, तिथं ठरवलेला भाव, आणि मधला फरक कुठं जातो, हा खरा प्रश्न. मी तो विचारच केला नव्हता, मी बेरजेच्या आनंदात होतो. चांगला बातमीदार तुम्ही दिलेल्या बातमीच्या पुढचं दार उघडतो, म्हणून त्याच्याकडं जायचं. नाहीतर फेसबुकवर टाकलं असतं की.

बेरीज मलाच दिसली असं अजिबात नाही. त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी संघटनेचे लोक, विरोधी पक्षाचे नेते, व्यापारी सगळेच ओरडायला लागले की ही शिळी परवानगी आहे. पण "ही फसवणूक आहे" असं ओरडणं आणि आठ आकड्यांची उभी बेरीज पीडीएफसकट पाठवणं, यातला दुसरा प्रकार पान लागायच्या आत कामाला येतो.

आठवड्यानं बंदी खरंच उठली. ४ मे. मथळे मोठे: निर्यातबंदी मागे. खाली बारीक अक्षरात किमान निर्यात मूल्य ५५० डॉलर आणि शुल्क ४० टक्के. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०. टन ७७० डॉलरच्या खाली बाहेर जाऊच शकत नव्हता. पाकिस्तानचा कांदा समोर असताना दुबईतलं गिऱ्हाईक हा दर का देईल? ही बातमी मी मराठी दैनिकातल्या बाईंना दिली, मुद्दाम. इंग्रजी पेपर दिल्लीतले सचिव वाचतात; त्यांना ७७० चं गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं, कारण ते त्यांनीच घातलेलं असतं. मराठी पेपर आमदार-खासदार वाचतात, त्यांचे कार्यकर्ते सकाळी चहाच्या टपरीवर वाचतात, आणि उमेदवार प्रचाराला आला की त्याला विचारतात. कोणाला कळायला हवंय ते ठरवून पेपर निवडायचा. इंग्रजीत छापून आलं म्हणजे जिंकलो, असं समजणारे आमच्यातही आहेत.

१५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भाषण चालू असताना एका तरुणानं उठून कांद्यावर बोला म्हणून घोषणा दिली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ४ जूनला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या. मग तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही जाहीरपणे सांगितलं की नाशिकमध्ये कांद्यानं रडवलं. आणि त्यानंतर काय गंमत, दिल्लीचे चॅनलवाले आपणहून फोन करायला लागले. दिंडोरी नेमकी कुठं आहे, कांद्याची मोठी बाजारपेठ असलेलं लासलगाव त्यात येतं का, शेतात उभा राहून बोलेल असा शेतकरी मिळेल का. डोक्यावर टोपी असलेला मिळाला तर बरं. मी एकाला म्हणालो, टोपीवाला देतो, पण तो बी.कॉम. आहे, चालेल का? फोन आला नाही परत.

दिल्लीकरांचा दोष पूर्ण त्यांचा नाही. तिकडं कांदा म्हणजे १९९८. सुषमा स्वराज मुख्यमंत्री होत्या, कांदा महागला, दिल्लीतली सत्ता गेली. तिथल्या प्रत्येक राजकीय पत्रकाराला हे पाठ आहे. म्हणजे कांद्यानं सरकार पडतं ते खाणाऱ्याच्या बाजूनं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. पिकवणाऱ्याच्या बाजूनंही खासदार पडतो, हे त्यांना २०२४ मध्ये कळलं. तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना मी दोन्ही भाव सांगतो, लासलगावचा सरासरी आणि दिल्लीतला किरकोळ. एकच सांगितला तर दुसरा त्यांच्या मनात असतोच, आणि तो आपल्याविरुद्ध जातो.

आता अवघड भाग. तुमचा स्वार्थ.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. १८ तारखेला, रविवारी, बातम्या आल्या की मंत्र्यांच्या समितीनं निर्यातबंदी उठवायला मान्यता दिली, तीन लाख टन जाणार. १७ तारखेला लासलगावचा सरासरी भाव क्विंटलला १,२८० रुपये होता, १९ ला तो १,८०० झाला. चाळीस टक्के उडी, एका बातमीवर. २० तारखेला ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी ३१ मार्चपर्यंत आहे तशीच आहे. ज्यानं १९ ला माल विकला त्याचं सोनं झालं, ज्यानं १९ ला घेतला त्याचं काय झालं ते विचारू नका. ती बातमी कोणी, का सोडली, हे मला ठाऊक नाही आणि त्यावर मी अंदाजही बांधणार नाही. पण त्या तीन दिवसांनी एक गोष्ट झाली: कांद्याची बातमी सांगणाऱ्या प्रत्येकाकडं पत्रकार संशयानं बघायला लागले. आणि बघायलाच पाहिजे. धोरणाची बातमी बाजार हलवते. मी बातमी सांगतो तेव्हा माझ्या चाळीत माल आहे, कंपनीच्या गोदामात माल आहे. उद्या भाव वाढला तर मला फायदा आहे.

म्हणून मी हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहितो. लोक म्हणतात, असं लिहिलं तर ते आपलं ऐकणार कशाला? अनुभव उलटा आहे. स्वार्थ नसलेला माणूस बातमी सांगायला येतच नाही, हे त्यांना माहीत असतं. निर्यातदाराला निर्यात हवी असते, मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला बंदी हवी असते, मंत्र्याला श्रेय हवं असतं, विरोधकाला मतं. स्वार्थ सांगितला की ते त्याप्रमाणं कापून घेतात आणि उरलेलं वापरतात. लपवला आणि नंतर कळला, तर तुमचा नंबर कायमचा गेला.

नावाचं मात्र आधी ठरवायचं. आमच्या कंपनीला सरकारी खरेदीची कामं मिळतात, संचालक मंडळ म्हणतं छापून आणा पण कंपनीचं नाव नको. ठीक. पण हे बोलायच्या आधी सांगायचं, "मॅडम, हे नावाशिवाय." सगळं सांगून झाल्यावर "बरं का, माझं नाव नका टाकू" असं म्हणणाऱ्याला तो हक्क राहत नाही. एका ओळखीच्यानं तसं केलं आणि मग त्या पत्रकाराला शिव्या दिल्या. चूक पत्रकाराची नव्हती.

बाकी बारीकसारीक आहे. एकच बातमी एका वेळी चार जणांना पाठवायची नाही. ते एकाच पत्रकार कक्षात शेजारी बसतात, पाच मिनिटांत कळतं. ज्याला दिली त्यानं नाही म्हटलं की मग दुसऱ्याला. बजेटच्या दिवशी कोणालाही काही सांगायचं नाही. अधिवेशनात सभागृह चालू असताना फोन करायचा नाही. संध्याकाळी सातनंतर फक्त त्याच रात्री शिळी होणारी गोष्ट असेल तरच. अधिसूचनेचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवायचा नाही, मूळ पीडीएफ पाठवायची. निवेदनाची प्रत तर अजिबात नाही. तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो, त्यात अकरा माणसं, सगळ्यांचा एक हात कागदाला लागलेला. या फोटोनं आजवर एकही अधिसूचना बदललेली नाही. मत मांडायचं असेल तर लेख लिहून संपादकीय पानाला पाठवा, तो मार्ग वेगळा. आणि छापायच्या आधी मला दाखवा, असं म्हणायचं नाही. आकडा बरोबर आहे का एवढं विचारायला त्यांचाच फोन येतो.

कधी कधी सांगण्यासारखं काहीच नसतं, हेही कळायला लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या आधी, किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० वर आणलं. एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. मग उन्हाळी कांदा आला आणि भाव पडले. लोक मला म्हणाले, लाव फोन मुंबईला. मी विचारलं, कोणता निर्णय दाखवू? कोणत्या सहीवर बोट ठेवू? बांगलादेशच्या बाजारात आपला माल पूर्वीसारखा का जात नाही, मधल्या काळात गेलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही, ही बातमी आहे, पण ती व्यापाराच्या पानाची, आणि तिला महिनाभराचे आकडे लागतील. ते गोळा करतोय.

मधे मुंबईच्या बाईंचं बीट, म्हणजे बातमीदारीचं क्षेत्र, बदललं. जाताना त्यांनी माझा नंबर नव्या माणसाला दिला. पोरगा तिशीच्या आतला, विदर्भातला, कापूस-सोयाबीन माहीत असलेला. मी माझी तारखांची शीट पाठवली. त्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुमच्या चाळीत आत्ता किती माल आहे?"

मी आकडा सांगितला. मग तो म्हणाला, "आता २२ मार्च २०२४ ची अधिसूचना पाठवा. आचारसंहितेत बंदी वाढवताना निवडणूक आयोगाला विचारलं होतं का, ते शोधतो."